मांडीवरचं तिकीट

टाटांच्या विमानातला पहिला प्रवासी माणूस नव्हता, टपालाची पिशवी होती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले, तेव्हा त्यांच्या सोबतीला होतं पंचवीस किलो टपाल. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोल आलं ते बैलगाडीतून! हे वाचल्यापासून विमान ही वस्तू मला आमच्या धामणगाव बढ्याच्या जरा जवळची वाटू लागली आहे.

टपालाच्या पिशवीसारखा गुणी प्रवासी नाही. ती रडत नाही, तिला ऐन वेळी शू लागत नाही. टाटांनी पहिल्या वर्षी 155 माणसं नेली आणि टपाल नेलं जवळजवळ पावणेअकरा टन. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा ताळेबंद लगेच कळतो. टपाल हा धंदा, माणूस ही किरकोळ जमा.

आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही, पण डोक्यावरून मात्र फार पूर्वीपासून जातं. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री चार डकोटा विमानं सुटायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, पिशव्यांची अदलाबदल करून पहाटे आपापल्या घरी परतायची. नकाशावर मुंबई ते नागपूर फूटपट्टी ठेवा, रेघ बुलढाणा जिल्ह्यावरूनच जाते. या विमानांत माणसंही बसत. डकोटात हवेचा दाब राखायची सोय नव्हती, त्यामुळे कानांचे हाल ठरलेले. म्हणून तर विमानात गोळ्या वाटायची चाल पडली. लोकांना वाटे, कंपनी तोंड गोड करते आहे. कंपनी खरं तर गिळायला लावत होती. गिळलं की कानाची आतली नळी उघडते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि जवळजवळ आडवी, म्हणून त्यांना जास्त दुखतं, आणि तेही विमान उतरताना. आज विमानात दाब राखतात, तरी ही नळी आहे तशीच आहे.

हा सगळा अभ्यास मला करावा लागला तो दिल्लीमुळे. सासूबाई दिल्लीला मेहुण्याकडे असतात, वर्षभर अंथरुणावर आहेत. धाकट्या नातवाला त्यांनी फक्त फोनवर पाहिलेलं. मलकापूरहून गाडीने जायचं तर ओळखीचं काम. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, तेव्हापासून या मुलखाला मुलं घेऊन गाडीत चढायची सवय आहे. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल फुकट, त्यामुळे आमच्याकडची काही मुलं सलग तीन वर्षं साडेचार वर्षांची असतात! पण सासूबाईंची तब्येत पाहता दोन रात्री गाडीत घालवण्यापेक्षा संभाजीनगरहून विमानानेच जायचं, असं हिने ठरवलं.

विमानात वय तोंडी चालत नाही, जन्मदाखला लागतो. दोन वर्षं पुरी होईपर्यंत मूल मांडीवर, थोडक्या पैशांत. दोन पुरी झाली की स्वतंत्र खुर्ची. पूर्वी बारा वर्षांपर्यंत अर्धं भाडं असे. आता स्वस्त म्हणवणाऱ्या कंपन्या खुर्चीचे पुरे पैसे घेतात. आणि वय मोजतात ते प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी. आमचे धाकटे चिरंजीव बारा तारखेला दोन वर्षांचे होणार होते. म्हणजे जाताना मांडीवर, येताना खुर्चीत. मी कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसलो आणि हिला दाखवलं, की अकरा तारखेला परतलो तर एक अख्खं तिकीट वाचतं.

ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

“आईने त्याचा एकही वाढदिवस पाहिलेला नाही,” ती म्हणाली. “पुढचा ती पाहील का, तेवढं तुमच्या त्या पेन्सिलीला विचारा.”

परतीचं तिकीट चौदा तारखेचं काढलं. खुर्चीसकट.

मग बांधाबांध. आमच्या आईने दिल्लीसाठी काळा मसाला, शेवया आणि किलोभर सुकं खोबरं काढून ठेवलं. खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलाने ते आपोआप तापून पेटू शकतं, असं मी सांगितलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की पेटलो असतो तर मीच पेटलो असतो.

“साठ वर्षं फडताळात ठेवून राह्यली मी. कधी पेटलं नाही.”

खोबरं मी पिशवीतून काढलं, तिने परत घातलं, मी परत काढलं. मोठीने तेवढ्यात त्यातली एक वाटी संपवली.

“अन् पोराच्या कानाले काय?” आईने विचारलं.

मी नळीचं शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने खडीसाखरेची पुडी हिच्या हातात दिली होती. “मोठीले हे चघळू दे. लहान्याले नको, घशात अडकन. त्याले उतरताना पाजजो.”

आई आजवर मलकापूरच्या स्टेशनापलीकडे गेलेली नाही.