पाय ओढला तरी चालेल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी मला पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. पायात थोडी ताकद यावी म्हणून आईने मला पुण्यातल्या एका तलावावर घातलं. पाठीला डबा बांधून मी पाण्यात उतरले आणि दोन उन्हाळ्यांत डबा सुटला. रस्त्यावर मी मैत्रिणींच्या मागे असे, पाण्यात मात्र बरोबरीने जाई. पुढे ब्रेस्टस्ट्रोक शिकले. शर्यतीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा शिकवणारे सर म्हणाले, "पोरी, पोहतेस छान, पण पंच तुला बाद करतील."

सरांचं चुकलं नव्हतं. ब्रेस्टस्ट्रोक हा प्रकार समतोलाचा. दोन्ही हात एकाच वेळी, दोन्ही पाय एकाच वेळी, आणि भिंतीला दोन्ही तळवे एकदमच टेकायचे. माझा डावा पाय बेडकासारखा झटका मारी, उजवा नुसता मागून येई. नियमाच्या पुस्तकात माझ्यासारखीला जागा नव्हती. निदान मला तसं सांगितलं गेलं.

पण जागा होती! ती कशी झाली, ते सांगण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी आपल्या रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. स्पर्धक होते सोळा, त्यांत दोन स्त्रिया. १९६०मध्ये रोमला ज्या स्पर्धा झाल्या, त्यांना आज आपण पहिलं पॅरालिंपिक मानतो. तिथे जलतरण होतं, स्त्रियांच्या शर्यती होत्या आणि त्यांत ब्रेस्टस्ट्रोकही होता.

सुरुवातीला गट पाडले जात ते आजाराच्या नावाने. १९९२मध्ये बार्सिलोनाला जलतरणात ही पद्धत बदलली. आजार कोणता, यापेक्षा पाण्यात शरीर काय करू शकतं, हे पाहिलं जाऊ लागलं. शारीरिक अपंगत्वासाठी फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायचे दहा गट, एस १ ते एस १०. ब्रेस्टस्ट्रोकचे मात्र वेगळे नऊ, एसबी १ ते एसबी ९. वेगळे का? कारण या प्रकारात पुढे जाण्याचं बरंचसं काम पाय करतात. त्यामुळे एकच मुलगी फ्रीस्टाइलला एका गटात आणि ब्रेस्टस्ट्रोकला दुसऱ्या गटात असू शकते.

कृत्रिम पाय काठावर काढून ठेवावा लागतो. सूर मारता येत नसेल तर पाण्यातूनच सुरुवात करता येते. प्रत्येक स्पर्धकाच्या सवलती तपासणीनंतर नोंदवल्या जातात आणि ती यादी पंचांकडे असते. ज्याला हात नाहीत, त्याने शरीराचा वरचा भाग भिंतीला टेकवला तरी पुरतं. आणि ज्याचा पाय झटका मारू शकत नाही, त्याचा पाय नुसता ओढला गेला तरी चालतं. हे मी प्रथम वाचलं, तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबले होते.

आपल्याकडे या खेळाचा वारसा मोठा आहे. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पेटकर पुढे पुण्यातच राहिले. पॅरालिंपिकमध्ये भारताला जलतरणात मिळालेलं ते एकमेव पदक.

भारतीय स्त्रीला पॅरालिंपिक पदक मिळायला मात्र २०१६ उजाडलं. दीपा मलिक यांनी रिओला गोळाफेकीत रौप्य मिळवलं. काही वर्षं अहमदनगरला राहिलेल्या दीपाताईही आधी जलतरणपटूच होत्या. २०१७मध्ये नागपूरच्या दृष्टिहीन कांचनमाला पांडे यांनी मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मिडलेचं सुवर्ण जिंकलं. मिडलेत चारही प्रकार पोहावे लागतात, तिसरा ब्रेस्टस्ट्रोक. त्यांचा गट वेगळा, पण पाणी तेच.

मग अपंग मुली तलावावर इतक्या कमी का? माझ्यापुरतं सांगते. सरांच्या त्या बोलण्यानंतरही मी पोहत राहिले असते. पण घरी एक नातेवाईक बाई आईला म्हणाल्या, "पोहण्याच्या कपड्यांत पाय सगळ्यांना दिसतो. उद्या लग्नाचं कसं होणार?" पुढच्या उन्हाळ्यात माझं नाव तलावावर घातलं गेलं नाही. मुलाच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला असता का?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम ३० खेळांविषयी आहे. क्रीडांगणं आणि सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, असं ते सांगतं. म्हणजे तलावाला उतार हवा, धरायला कठडा हवा आणि कपडे बदलायच्या खोलीत चाकाची खुर्ची फिरायला हवी. तुमच्या जवळच्या तलावावर गेलात, तर एवढं जरूर पाहा.

आणि तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी मुलगी असेल, तर तिला पाण्यापर्यंत न्या. शिकवणारे म्हणाले, "हिचा पाय ओढला जातो, पंच बाद करतील," तर त्यांना सांगा, सर, या मुलींच्या स्पर्धा असतात, आणि त्यांच्या नियमात ते बसतं.