हुमणी, भेक आणि क्वोल

जैविक कीडनियंत्रण शिकवताना आपण यशस्वी उदाहरणे देतो. फसलेल्या प्रयोगाचे उदाहरण हवे असेल, तर ऑस्ट्रेलियातील केन टोडचा, म्हणजे उसातल्या भेकाचा, इतिहास पाहावा.

क्वीन्सलंडमधील उसाला हुमणी लागली होती. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. ती जमिनीत राहून उसाची मुळे खाते. तिच्या बंदोबस्तासाठी १९३५ साली हवाई बेटांवरून सुमारे शंभर भेक आणले गेले आणि त्यांची पिल्ले शेतांत सोडण्यात आली. वॉल्टर फ्रॉगॅट या कीटकशास्त्रज्ञाने धोक्याचा इशारा दिला. काही काळ बंदीही आली; पण १९३६ मध्ये ती उठली. हुमणी जमिनीखाली आणि भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, त्यामुळे भेकाचा उपयोग झाला नाही. तो मात्र बेसुमार वाढला व पश्चिमेकडे पसरत गेला.

त्याचे परिणाम भोगावे लागले ते उत्तरेकडील क्वोलला. पांढऱ्या ठिपक्यांचा, मांजराहून लहान असा हा प्राणी कांगारूप्रमाणे शिशुधानी गटातला, पण मांसाहारी. ऑस्ट्रेलियात मूळचे भेक नाहीतच. त्यामुळे भेकाच्या त्वचेतील, हृदयावर घात करणारे विष क्वोलला अनोळखी. भक्ष्य समजून भेकाला तोंड लावले की मृत्यू! नर क्वोल बहुधा एकाच विणीच्या हंगामानंतर मरतात. त्यामुळे घटलेली संख्या भरून निघणे आणखी अवघड. २००१ मध्ये भेक काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोहोचले आणि तेथील क्वोल झपाट्याने घटले.

२००३ मध्ये ६४ क्वोल ॲस्टेल व पोबासू या भेकविरहित बेटांवर हलवण्यात आले. तेथे ते हजारोंनी वाढले. दरम्यान, मळमळ आणणारे औषध घातलेले मेलेले छोटे भेक खाऊ घालून क्वोलला भेक टाळायला शिकवता येते, हेही सिद्ध झाले. असे शिकवलेले, बेटावरच्या वंशाचे क्वोल २०१६ मध्ये काकाडूत सोडले. त्यांचा फडशा पाडला तो डिंगो या रानकुत्र्यांनी! बेटावर डिंगो नव्हते, मांजरेही नव्हती. अवघ्या १३ पिढ्यांत क्वोल या शत्रूंचा वास ओळखेनासे झाले होते. मुख्य भूमीवरील क्वोलची बंदिवासात जन्मलेली पिल्ले मात्र तो वास टाळत. म्हणजे ही भीती शिकलेली नसून वारशाने आलेली होती.

नैसर्गिक निवडीला लाखो वर्षे लागतात, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. येथे १३ वर्षे पुरली. प्राणी वाचवताना त्याची भीतीही वाचवावी लागते, हाच यातला धडा.