रवंथामागील जीवाणू : सेल्युलोजच्या पचनाचा शोध

जांबोटीचा परिसर हा भरपूर पावसाचा, भातशेतीचा आणि घाटातील जंगलाचा. येथील बैल-म्हशी वर्षातील बरेच दिवस पिंजरावर काढतात. रानातला गवाही गवतावरच पोसतो. गवत काय किंवा पिंजर काय, त्यांचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज फोडणारे विकर या जनावरांचे शरीर स्वतः तयार करीत नाही. मग ती जगतात कशी? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८४३ साली ग्रुबी व देलाफों या संशोधकांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटात सूक्ष्म प्राणी पाहिले. पुढे पचनाचे काम सूक्ष्मजीव करतात हा तर्कही मांडला गेला. परंतु सेल्युलोज फोडणारा नेमका जीवाणू वेगळा काढता येईना. कारण हे जीवाणू विनॉक्सी आहेत. हवेतील ऑक्सिजन लागताच त्यांची वाढ थांबते. पाश्चर आणि कॉख यांच्या परंपरेतील उघड्या बशीची पद्धत येथे निरुपयोगी ठरली.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट हंगेट यांनी ही अडचण सोडविली. ऑक्सिजन काढून टाकलेला कार्बन डायऑक्साइड नळीत सोडायचा, रबरी बुचाने ती बंद करायची आणि वितळलेले आगर आतील भिंतीवर फिरवून थिजवायचे, अशी त्यांची युक्ती होती. उपकरण अगदी साधे, पण त्यानेच हे क्षेत्र खुले केले. १९५० मध्ये हंगेट यांनी वर्णन केलेल्या 'बॅक्टेरॉइडिस सक्सिनोजेनिस' या जीवाणूला १९८८ मध्ये 'फायब्रोबॅक्टर' ही स्वतंत्र प्रजाती मिळाली.

हा जीवाणू तंतूला चिकटून सेल्युलोज फोडतो. त्यातून व इतर सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक आम्ले तयार होतात; जनावराची बहुतांश ऊर्जा याच आम्लांतून येते. मात्र हा समतोल नाजूक आहे. लग्नकार्यातील उरलेला भात किंवा धान्य जनावराने एकदम पोटभर खाल्ले, तर लॅक्टिक आम्ल वाढते, तंतू फोडणारे जीवाणू निकामी होतात आणि कधी जनावर दगावते. खेड्यात याला 'पोट फुगले' एवढेच म्हणतात. खरे कारण वर्गात सांगण्याजोगे आहे.

कोठीपोटातील क्रियेशी नाते सांगणारी विनॉक्सी क्रिया टाकीतही घडविता येते. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या टाकीतील वायू उपयोगात आणला गेला होता. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅसचा प्रसार केला. दोन्हींमध्ये मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वेगळे, पण त्यांना कच्चा माल पुरविणारे तंतुभक्षक जीवाणूच.

माणसाच्या आतड्यातही असे जीवाणू असतात. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार रुमिनोकॉकस प्रजातीतील काही सेल्युलोजभक्षक जाती प्राचीन विष्ठेच्या नमुन्यांत, शिकारी टोळ्यांत व ग्रामीण लोकांत आढळतात. औद्योगिक समाजात त्या दुर्मिळ आहेत. त्यांपैकी एक जात गुरांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांकडून माणसाकडे आली असावी, असाही त्या संशोधकांचा अंदाज आहे.