ताइची : एका मुष्टिविद्येची दोन घराणी

ताइची म्हटले की संथपणे हात फिरविणारे वृद्ध आपल्या डोळ्यांपुढे येतात. हा संथपणा म्हणजेच या विद्येचे मूळ रूप, असा आपला समज होतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

हेनान प्रांतातील चेनजियागोऊ या खेड्यात सतराव्या शतकात चेन वांगतिंग याने या विद्येचा पाया घातला, असे अनेक संशोधक मानतात. चेन घराण्यात आजही संथ हालचालीतून एकाएकी जोराचा प्रहार निघतो, पाय जमिनीवर आपटतो, मध्येच उडी येते; आणि कोशातून रेशमाचा धागा काढावा तसे सारे अंग पिळदार वळणे घेते.

याच गावी चेन चांगशिंगपाशी यांग लुचान (१७९९–१८७२) शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये गुरू म्हणून नावाजला. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने उड्या व झटके गाळून हालचाल ऐसपैस आणि एकसारख्या गतीची केली. त्यामुळे ती वृद्धांना व अशक्तांनाही झेपू लागली. १९५६ साली चिनी सरकारने जनतेसाठी २४ हालचालींचा सोपा क्रम ठरविला, तो याच घराण्याच्या आधारे.

मग खरे घराणे कोणते? आम्हांला हा प्रश्नच गैरलागू वाटतो. यांगांनी झटका सोडला; पण तोल सांभाळून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची शिस्त सोडली नाही. विद्या चार लोकांपर्यंत न्यायची तर काही टाकावे लागतेच. काय टाकले आणि काय राखले, याचा चोख हिशेब ठेवणे, एवढेच इतिहासाचे काम.