टिळकांचं घर तुटलं आणि जुळलं

आमच्या खारबावापासून कल्याण काही लांब नाही. त्या कल्याणात दीडशे वर्षांपूर्वी नारायण वामन टिळक नावाचा पोरगा शाळेत जायचा. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरीकडच्या करजगावचा. पुढं हाच रेव्हरंड टिळक झाला, फुलामुलांचा कवी म्हणून महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. कवी म्हणून ते मोठेच. पण मला त्यांच्या कवितेपेक्षा त्यांच्या घराचा इतिहास जास्त शिकवून जातो. तो त्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात काही न लपवता लिहून ठेवलाय.

टिळकांचे वडील सरकारी नोकरीत, स्वभावानं जमदग्नी. आई कवितेत रमणारी. नवराबायकोचं कधी पटलं नाही. आई गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा. आई गेल्यावर बापाच्या घरात त्याचा जीव रमेना. तो घर सोडून नाशिकला आला आणि लोकांच्या आधारानं शिकला.

लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. जन्म १८६८. त्यांच्या आईच्या वडलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून येईल ती वस्तू धुऊन घ्यायची, कोणाचा स्पर्श नको. अख्खं घर त्या धाकाखाली. म्हणजे १८८० च्या सुमाराला ही दोन पोरं बोहल्यावर उभी राहिली, तेव्हा दोघांच्याही मनात आधीच्या पिढीची जखम होती. एकाच्या वाट्याला राग आला, दुसरीच्या वाट्याला भीती.

संसार धड चालला नाही. टिळक आज इथं तर उद्या तिथं. १८९३ च्या सुमाराला नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं झालं. त्यानं बायबल हातात दिलं. ते वाचताना टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडले. वैऱ्यावर प्रेम करा, या एका गोष्टीनं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं घर तुटलं. त्या काळी असा माणूस घरच्यांना मेल्यासारखाच. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांकडं राहिल्या. चार-पाच वर्षं ताटातूट. ज्या माणसानं प्रेमाचा धर्म पत्करला, त्याचीच बायको-पोर त्याच्यापासून दूर. लोक हसले असतील, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. टिळकांनी दुसरं घर मांडलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. लक्ष्मीबाई शेवटी नगरला आल्या त्या आपला धर्म, आपलं सोवळं घेऊनच. नवऱ्याचा धर्म एक, बायकोचा दुसरा, आणि तिची चूल निराळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू बाईंनीच विचार केला की माणसामाणसांतल्या ह्या भिंती देवानं घातल्या की माणसानं? माणसानंच, असं मनाला पटलं तेव्हा सोवळं गळून पडलं. १९०० साली राहुरीला त्यांनी आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला. जिच्या माहेरी परक्याचा स्पर्श चालत नव्हता, त्या बाईनं पुढं प्लेगच्या रोग्यांची सेवा केली, अनाथ पोरं घरात वाढवली. बालकवी ठोंबरेही तिच्याच हातचं जेवले.

म्हणून टिळकांचा राग गेला असं समजू नका. 'स्मृतिचित्रे' वाचताना नवराबायकोची भांडणं वाचून हसू येतं. पण आता भांडण झालं तरी घर मोडत नव्हतं. शिष्य होणं म्हणजे एका दिवसात संत होणं नव्हे. गुरूच्या पायाशी बसून रोज थोडं शिकणं, रोज चुकणं, परत बसणं. आपल्या वारकऱ्यांना हे सांगायला नको. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं टिळकही म्हणायचे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. स्वतःच्या घरात दोन धर्म सांभाळलेल्या माणसालाच हे सुचावं.

९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अकराव्या अध्यायावर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी, ज्यांना जोडाक्षरं नीट लिहिता येत नव्हती त्यांनी, पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्यावर शेवटचा अध्याय मुलानं लिहिला. बापाचं काम आईनं आणि आईचं मुलानं पुरं केलं.

आमच्याकडं खाडीकाठच्या शेतकऱ्याला माहीत आहे, बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं, तर खांड एका दिवसात बुजवता येते, पण मातीतलं मीठ जात नाही. दोन-तीन पावसाळे गोडं पाणी शेतात मुरावं लागतं, तेव्हा कुठं भात धरतो. आज गोदामांमुळं जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सातबाऱ्यावरच्या नावांवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले. पंच बसतात, कागदावर सह्या होतात, खांड बुजते. तरी लग्नाची पत्रिका एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही, मयताला खांदा द्यायला भाऊ येत नाही. मीठ तसंच राहिलेलं असतं.

टिळकांच्या घरातलं मीठ जायला पाच वर्षांची ताटातूट आणि पुढं वीस वर्षांचा संसार लागला. कोणीतरी एकानं आधी वाट बघायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याला त्याच्या गतीनं येऊ दिलं. धर्म कोणताही असो, भावाच्या दारात पहिलं पाऊल टाकायला एवढं शिकलं तरी पुष्कळ.