३१५ बोअरची गोळी : कोणती, कोठून आणि कशासाठी?

बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या बाराशेहून अधिक असल्याचे जानेवारी २०२५ मध्ये समोर आले. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली, त्यानंतर परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि शंभरहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. या साऱ्या चर्चेत कमरेला लावायच्या पिस्तुलाचा उल्लेख वारंवार झाला; रायफलीचा आणि तिच्यात भरल्या जाणाऱ्या काडतुसाचा मात्र क्वचितच. वास्तविक, रानडुकरांचा कळप ज्याच्या शेतात रात्रीतून नांगर फिरवून जातो, त्या शेतकऱ्याला पिस्तुलाचा काडीइतकाही उपयोग नाही. त्याच्या कामाची शस्त्रे दोनच : बारा बोअरची बंदूक आणि ३१५ बोअरची रायफल.

'३१५' हा आकडा इंचाचा आहे. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. शिकारी रायफलींच्या वर्गवारीत साधारण ८ ते ९.५ मिलिमीटरच्या नळीला मध्यम बोअर म्हटले जाते आणि आपली ३१५ या वर्गाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या लष्करातील मॅनलिखर रायफलीचे, ८ × ५० मिलिमीटरचे. ते हिंदुस्थानात रुजले याचे कारण राजकीय होते. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने लष्करी बोअरच्या खासगी रायफलींवर निर्बंध घातले. १९०७ च्या सुमारास ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी आली आणि ३०३ बोअरही सामान्य नागरिकाला वर्ज्य राहिला. इंग्रज सैन्याच्या कोणत्याही बंदुकीत न बसणारे काडतूस म्हणून ३१५ सोयीचे ठरले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भीतीचा वारसा आजचा परवानाधारक चालवतो आहे, इतकेच.

मऊ टोकाची गोळी कशासाठी?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. जनावर कसे मरते, हे मुख्यत्वे गोळी ठरवते. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी अंगातून सरळ आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळते, उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर उलटते. मऊ टोकाच्या गोळीत पुढचे शिसे उघडे ठेवलेले असते. आत शिरताच ते पसरते, गोळीची शक्ती जनावराच्या शरीरातच खर्ची पडते आणि पलीकडच्या शेतात ती वेगाने जाण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, संपत नाही. चुकलेली गोळी काही किलोमीटरपर्यंत घातक ठरू शकते. म्हणून मागे मातीचा बांध वा उंचवटा असल्याशिवाय रायफल झाडू नये, हा नियम गोळीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे.

अशा पसरणाऱ्या गोळीचे एक जुने नाव 'दमदम'. कोलकात्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात तिच्या वापरास मनाई केली. माणसावर जी क्रूर ठरली, तीच जनावराच्या बाबतीत कमी यातनेची मानली जाते.

३१५ ची देशी शिकारी गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम वजनाची, मऊ टोकाची असते. वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. आजच्या मानाने हा वेग फारसा नाही. पण व्यासाच्या मानाने गोळी जड असल्याने ती खोल जाते. शंभर मीटरच्या आत रानडुकरासाठी ती पुरेशी आहे. त्यापलीकडे गोळी झपाट्याने खाली येते आणि नेम अंदाजाचा होतो. बारा बोअरच्या छऱ्यांचे काडतूस तर तीस-चाळीस पावलांपलीकडे रानडुकरावर वापरूच नये. त्याने जनावर मरत नाही, चवताळते.

घरी काडतूस भरता येते का?

अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत शिकारी मंडळी वापरलेली पुंगळी जपून ठेवतात, नवी टोपी बसवतात, दारू मोजून घालतात आणि आपल्या पसंतीची गोळी दाबून बसवतात. याला हँडलोडिंग म्हणतात. वेगवेगळ्या वजनाच्या व बनावटीच्या गोळ्या तेथे दुकानात सुट्या मिळतात. त्याविषयीची माहिती आपल्याकडेही सहज वाचायला मिळते आणि नेमका तेथेच घोटाळा होतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'दारूगोळा' या संज्ञेच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे सुटी गोळी आणि ती बसवण्याचा हातदाब हीदेखील कायद्याच्या दृष्टीने काडतुसासारखीच नियंत्रित वस्तू. काडतुसे तयार करण्यासाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार अंतर्भूत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूला स्फोटकांचे नियम लागू होतात, ते वेगळेच.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तांत्रिक धोका उरतोच. ३१५ हे नाव नळीच्या आतील मापावरून पडले. गोळीचा प्रत्यक्ष व्यास मात्र ०.३२३ इंचाच्या आसपास असतो. नावावरून गोळी निवडणारा येथेच फसतो. चुकीच्या जातीची किंवा किंचित जास्त दारू पडली, तर दाब नळीच्या मागच्या बाजूला, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ फुटतो.

काडतूस मिळते कोठे?

मार्ग एकच : परवानाधारक विक्रेता. मूळ परवाना दाखवावा लागतो, त्यावर विशिष्ट ओळख क्रमांक असावा लागतो आणि खरेदीची नोंद विक्रेत्याच्या वहीत व परवान्यावर होते. एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षात किती घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेले असते. नातेवाइकाच्या परवान्यावर घेतलेले काडतूस आपल्या रायफलीत घालणे हाही गुन्हाच.

३१५ ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही खूण असते. पुंगळीवर हिरवट गंज, सैल गोळी किंवा ओल लागल्याची खूण दिसली, तर काडतूस घेऊ नये. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे. लगेच खटका उघडू नये.

जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातील एखादी ३७५ बोअरची विलायती रायफल वारसाहक्काने आलेली असेल, तर तिच्यासाठी काडतुसे मिळणे फार कठीण. ती परवान्यानिशी जपावी वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. तिच्यासाठी काडतुसे 'जुळवून देणाऱ्या' कारागिराच्या वाटेस जाऊ नये.

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. शस्त्रपरवाना हाती असला, तरी जनावर मारण्यासाठी वन विभागाची स्वतंत्र परवानगी लागते. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत व रोह्याबाबत (नीलगाय) शेतकऱ्याला वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. काळविटाने पीक खाल्ले, तरी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैद आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हा भेद अन्यायाचा वाटतो. त्याची तक्रार रास्त असेलही, पण तिचे उत्तर नुकसानभरपाईत आहे.

बिबट्याबाबत निर्णय केवळ राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक घेऊ शकतात. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात सुरुडी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी या परिसरात बिबट्याने माणसे मारली, तेव्हाही गावातील एकाही बंदूकधारकाला स्वतःहून गोळी झाडण्याचा अधिकार नव्हता. वरिष्ठांचा आदेश निघाला आणि १८ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात केळीच्या बागेत परवानगीप्राप्त नेमबाजाने बिबट्याला ठार केले.

परवानगीने मारलेले रानडुक्करही कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता ठरते. त्याचे मांस वाटून घेणे वा विकणे हा गुन्हा असून, मृत जनावराची माहिती वन विभागास द्यावी लागते.