नळाचं पाणी उलटं फिरतं तेव्हा : पाइपलाइनमध्ये घाण कशी शिरते आणि ती कशी रोखायची

खोपोली : पाणी बंद झाल्यावर तोटी उघडी राहिली की कधी कधी सूं सूं असा आवाज येतो. तोटीच्या तोंडाला बोट लावलं तर ते आत ओढलं जातं. लाइनमधलं पाणी खालच्या वस्तीकडे उतरत असतं आणि रिकाम्या होणाऱ्या पाइपात हवा शिरत असते. त्या वेळी तोटीला रबरी नळी लावलेली असेल आणि तिचं टोक कपड्यांच्या टबात, गुरांच्या हौदात किंवा फवारणीच्या औषधाच्या पिंपात बुडालेलं असेल, तर हवेऐवजी ते पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की तेच कुणाच्या तरी हंड्यात उतरतं.

पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये वापरलेलं किंवा घाण पाणी उलटं शिरण्याच्या या प्रकाराला तांत्रिक भाषेत बॅकफ्लो म्हणतात. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी कितीही स्वच्छ सुटलं तरी वाटेत असं झालं तर त्याचा उपयोग नाही. खालापूर आणि कर्जत तालुक्यात बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळच येतं, त्यामुळे हा धोका रोजचा आहे.

पाणी मागे का जातं?

पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं. एवढा एकच नियम आहे.

दाब म्हणजे काय हे खोपोलीकरांना वेगळं सांगायला नको. घाटावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं आणि त्या दाबावर १९१५ पासून टाटांचं वीज केंद्र चालतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो भरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी अंदाजे तेवढ्याच उंचीवर असते. रस्त्यावरच्या लाइनमध्ये अर्धाच किलो दाब असेल आणि टाकीचा पाइप त्या लाइनला थेट जोडलेला असेल, तर टाकीतलं पाणी लाइनमध्ये उतरणार.

पाणी उलटं फिरण्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार ओढीचा. लाइन रिकामी होताना, फुटल्यावर किंवा कुणी मोटार लावून पाणी खेचल्यावर पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मग बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गाडीच्या टाकीतून नळीने डिझेल काढतात, अगदी तसंच.

दुसरा प्रकार रेट्याचा. पलीकडच्या बाजूला लाइनपेक्षा जास्त दाब असतो आणि तिकडचं पाणी लाइनमध्ये ढकललं जातं. बोअरची मोटार, उंचावरची टाकी, कारखान्यातला पंप किंवा बॉयलर यांच्यामुळे हे होतं.

दोन्ही प्रकारांत पिण्याची लाइन आणि दुसरं पाणी कुठेतरी एकमेकांना जोडलेलं असावं लागतं. तो जोड काढला की धोका संपला.

आपल्याकडे धोका जास्त का?

चोवीस तास पाणी असलेल्या गावात लाइन कायम दाबाखाली असते. एखादा सांधा गळका असला तर पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. आपल्याकडे दिवसातून तास-दोन तास पाणी येतं, काही वाड्यांना एक दिवसाआड. उरलेल्या वेळात लाइन रिकामी किंवा अर्धवट भरलेली असते. तोच गळका सांधा मग बाहेरचं पाणी आत घेतो.

त्यात आपला भाग चढउताराचा. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेली, तर कर्जत तालुक्यातल्या अनेक वाड्या डोंगरउतारावर. व्हॉल्व्ह बंद झाला की वरच्या आळीतलं पाणी खालच्या आळीतल्या नळांतून वाहत राहतं आणि ओढ वरच्या घरांत लागते. खालच्यांना दोन हंडे जास्त मिळतात, वरच्यांच्या लाइनमध्ये काय शिरलं ते कुणाला दिसत नाही.

पावसाळ्यात सगळ्यात मोठी अडचण होते. जून ते सप्टेंबर गटारं, चेंबर आणि शोषखड्डे भरलेले असतात. उन्हाळ्यात कोरड्या मातीत असलेला गळका सांधा पावसाळ्यात सांडपाण्यात बुडतो. त्याच दिवसांत जुलाब आणि काविळीचे रुग्ण वाढतात.

घाण शिरण्याच्या नेहमीच्या जागा

गटारातून गेलेले घरगुती पाइप : मुख्य लाइनपासून घरापर्यंतचा पाइप अनेक ठिकाणी सरळ गटारातून नेलेला असतो. त्याचे सांधे आणि गंजलेला भाग सांडपाण्यात बुडालेला राहतो. सगळ्यात जास्त धोका इथे आहे.

लाइनला थेट लावलेली मोटार : टुल्लू किंवा मोटार थेट नळाला लावली की ती लाइनमध्ये ओढ निर्माण करते. मोटार लावणाऱ्याला पाणी मिळतं, पण आसपासच्या प्रत्येक गळक्या सांध्यातून घाण खेचली जाते. शेजाऱ्याचं पाणी कमी होतं, हा या मोटारीचा फक्त एक तोटा. ते पाणी घाणही होतं, हे कमी जणांना माहीत असतं.

बोअर आणि नळ एकाच पाइपला : सोसायट्या, फार्महाऊस, रिसॉर्ट आणि चाळींमध्ये नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच पाइपने टाकीत नेतात. मधे एक व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद ठेवायचा असं ठरलेलं असतं. तो उघडा राहिला किंवा आतून गळू लागला की बोअरची मोटार कच्चं पाणी गावाच्या लाइनमध्ये ढकलते.

टाकीत बुडालेला पाइप : जमिनीखालच्या टाकीत येणारा पाइप तळापर्यंत सोडलेला असतो, म्हणजे आवाज होत नाही आणि पाणी उडत नाही. पण लाइनला ओढ लागली की टाकीतलं पाणी त्याच पाइपाने परत जातं. पावसात टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं असेल तर तेही.

संडासातला जेट : जेटची नळी भांड्यात लोंबकळत राहिली, खालचा कॉक उघडा राहिला आणि पाइप थेट लाइनवर असला, तर काय ओढलं जाईल हे सांगायची गरज नाही.

फवारणी पंप, टँकर आणि बांधकाम : औषधाच्या पिंपात, टँकरच्या टाकीत किंवा सिमेंटच्या हौदात नळी बुडवून पाणी भरणं ही रोजची सवय आहे. कीटकनाशक पाण्यात मिसळलं तर ते उकळूनही जात नाही.

एअर व्हॉल्व्ह आणि वॉशआऊट : लाइन रिकामी होताना हवा आत घेण्यासाठी उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात. त्याचा चेंबर पावसाच्या पाण्याने भरलेला असेल तर तो हवेऐवजी ते गढूळ पाणी आत घेतो. लाइन धुण्यासाठी ठेवलेल्या वॉशआऊटचं तोंड नाल्यात बुडालेलं असलं तरी तोच धोका.

याआधी काय घडलं आहे?

अमेरिकेत शिकागो शहरात १९३३ मध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांतल्या जुन्या प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या जुलाबाची साथ आली. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले. सुमारे शंभर जण दगावले. यानंतर पिण्याची आणि सांडपाण्याची लाइन वेगळी ठेवण्याकडे जगभर गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

दिल्लीत १९५५ च्या अखेरीस हेच मोठ्या प्रमाणावर घडलं, तेही नळात नव्हे तर नदीत. यमुनेचं पात्र सरकल्यावर नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं चढून वजिराबादच्या पाणी उपशाच्या ठिकाणी पोहोचलं. केंद्रात क्लोरीन वाढवला, त्यामुळे टायफॉईडसारखे जिवाणूंचे आजार फारसे वाढले नाहीत. काविळीचा विषाणू मात्र तरला. काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हेपॅटायटिस ई असल्याचं पुढे अनेक वर्षांनी निष्पन्न झालं. महाराष्ट्रात इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे याच काविळीची मोठी साथ आली होती.

या काविळीची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घाण पाणी पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. तोवर लाइनची गळती दुरुस्त झालेली असते किंवा विसरलेली असते. इतरांना बहुधा ती आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवावर बेतते. अशा दर चार-पाच रुग्णांमागे एकीचा मृत्यू होऊ शकतो.

सगळ्यात स्वस्त उपाय : मोकळी जागा

पाइपाचं तोंड आणि भांड्यातलं पाणी यांच्यात हवेची मोकळी जागा ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. पाणी हवेतून उडी मारून वर चढत नाही. त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही, तो बिघडत नाही.

ही जागा पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान एक इंच असावी. अर्ध्या इंची नळासाठी एक इंच, एक इंचीसाठी दोन इंच. मोजायची ती पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकतं तिथपासून. टाकीत बॉलकॉक ओव्हरफ्लोच्या पाइपापेक्षा वर असायला हवा. ओव्हरफ्लोचं तोंडही गटारात बुडवू नये, त्याला जाळी लावून ते उघड्यावर सोडावं.

मोटार हवीच असेल तर नळाचं पाणी आधी टाकीत मोकळं पडू द्यावं आणि मोटार त्या टाकीवर लावावी. मग ती फक्त टाकीतलं पाणी खेचते, गावाच्या लाइनला हात लावत नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर किती भरवसा?

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. घरच्या जोडणीला मीटरजवळ तो असावाच. पण त्याच्या पडद्याखाली वाळूचा कण किंवा गंजाचा कपचा अडकला की तो पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून तसं कळतही नाही. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, तो उघडून साफ करावा आणि दर काही वर्षांनी बदलावा.

जिथे पलीकडे रसायन, सांडपाणी किंवा बॉयलर आहे, म्हणजे कारखाने, दवाखाने, पोहण्याचे तलाव, तिथे एका एनआरव्हीवर विसंबून चालत नाही. तिथे पाणी आधी वेगळ्या टाकीत मोकळं पाडावं. नाहीतर दोन एनआरव्ही आणि मधे आपोआप पाणी सांडणारा व्हॉल्व्ह असलेलं यंत्र बसवावं. पहिला बिघडला तरी घाण बाहेर सांडते, लाइनमध्ये जात नाही. बोअर आणि नळाच्या पाण्याचे पाइप मात्र वेगळेच हवेत. मधे व्हॉल्व्ह ठेवून भागवणं चालणार नाही.

पाणीपुरवठा करणाऱ्यांचं काम

सगळा भार घरमालकावर टाकता येत नाही. नगर परिषद आणि ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी करायची कामं अशी :

• गटारातून गेलेले घरगुती पाइप बाहेर काढून वरून नेणं. नवीन लाइन टाकताना सांडपाण्याच्या लाइनपासून साधारण तीन मीटर अंतर राखणं आणि दोन्ही एकमेकींना छेदत असतील तर पिण्याची लाइन किमान अर्धा मीटर वर ठेवणं.
• एअर व्हॉल्व्हच्या चेंबरमधलं पाणी उपसणं, चेंबर जमिनीपेक्षा उंच बांधणं.
• तोटी नसलेले सार्वजनिक नळ आणि बंद पडलेल्या जोडण्यांची उघडी टोकं बंद करणं.
• थेट लावलेल्या मोटारी काढायला लावणं.
• क्लोरीनची तपासणी टाकीजवळ न थांबता लाइनच्या शेवटच्या घरात करणं. भारतीय मानकानुसार तिथे दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. टाकीजवळ क्लोरीन आहे आणि शेवटच्या घरात शून्य, तर मधे कुठेतरी घाण शिरत असण्याची शक्यता असते.

गावात ही तपासणी जलसुरक्षक ओटी द्रावणाने करतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं आणि कशामुळे, हे ग्रामसभेत विचारता येतं.

पाण्याला वास आला तर

पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येत असेल, गटाराचा वास येत असेल किंवा रंग बदलला असेल, तर ते पिण्यासाठी भरू नये. शेजारी विचारावं. फक्त आपल्याच घरी असेल तर दोष घरच्या पाइपात किंवा टाकीत. सगळ्या आळीत असेल तर लाइनमध्ये. ही माहिती व्हॉल्व्हमनला दिली तर गळती शोधायला कमी वेळ लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत पाणी गाळून घ्यावं आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावं. घाण पाणी टाकीत गेलं असेल तर टाकी रिकामी करून घासावी, पुन्हा भरावी, हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल पावडर पाण्यात कालवून वरची निवळी टाकावी आणि अर्धा तास थांबावं. पाण्याला औषधाचा किंवा रसायनाचा वास असेल तर उकळणं आणि टीसीएल दोन्ही निरुपयोगी. ते पाणी अजिबात वापरू नये.

शहरात नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला आणि गावात ग्रामपंचायत अधिकारी व जलसुरक्षकांना लगेच कळवावं. एकाच आळीत जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगावं, आशाताईंना सांगितलं तरी चालेल. घरात गरोदर बाई असेल तर दुरुस्ती झाल्यावरही काही आठवडे पाणी उकळूनच द्यावं.

आणि आजच करण्यासारखं एक काम : घरातल्या, गोठ्यातल्या, अंगणातल्या प्रत्येक तोटीची नळी कुठे सोडली आहे ते बघा. टोक पाण्यात बुडालेलं असेल तर वर काढून खुंटीला टांगा.